साक्षीची वीट

वीटवालीच्या कारखान्यात माती नव्हती, भट्टी नव्हती आणि धूरही नव्हता. त्यामुळे पहिल्यांदा येणारं गिऱ्हाईक दारातच थबकायचं आणि विचारायचं, "विटा कुठे होतात हो?" हा प्रश्न तिला मनापासून आवडायचा. ती गिऱ्हाइकाला विटांकडे न नेता आधी गाळाकडे न्यायची.

शेजारच्या वसाहतीत नळांना, सायकलींना, खुर्च्यांच्या पायांना चकचकीत मुलामा देणारे कारखाने होते. त्यांच्या हौदांच्या तळाशी साचणारा हा गाळ. हिरवट, भिजलेल्या साबणासारखा, दिसायला गरीब आणि स्वभावाने विषारी. पूर्वी तो कुणी बघत नाही असं पाहून नाल्यात सोडला जायचा. आता तो पिंपांतून, परवान्यासकट, वीटवालीच्या दारात यायचा.

"नाल्यात गेला की माशांच्या पोटात, माशांच्या पोटातून आपल्या," ती सांगायची. "म्हणून मी त्याला भिंतीत कोंडते. जन्मठेप. जामीन नाही."

कोंडायची रीत अशी. आधी गाळात हिराकस, म्हणजे लोखंडाचा हिरवट क्षार, कालवायचं. त्याने विषाचा दात पडतो. मग चुना, म्हणजे तो शांत होतो. मग राख, बारीक खडी, सिमेंट, आणि शेवटी प्रेसखाली दाब. निघते ती राखाडी, जड, कोपऱ्याला कोपरा जुळणारी वीट. भाजायची नाही, फक्त पाणी पाजून पिकवायची.

एवढं झालं तरी माल लगेच विकायचा नाही, असा वीटवालीचा दंडक होता. प्रत्येक घाण्यातली पहिली वीट ऑफिसच्या खिडकीत, उथळ ट्रेमध्ये, पाण्यात पाय सोडून महिनाभर उभी राहायची. खालून पाणी प्यायची, वरून उन्हात वाळायची. पोटात काही लपवलेलं असेल तर ते पाण्याबरोबर वर येऊन अंगावर फुलायचं. पांढरं फुललं तर तो साधा लोणा, कुठल्याही भिंतीला येतो तसला; त्याला कुणी भीक घालत नसे. पिवळं फुललं तर मात्र तो घाणा आवाराबाहेर जायचा नाही. या विटेला सगळे साक्षीची वीट म्हणत. प्रयोगशाळेचा कागद होताच, पण प्रयोगशाळा चार-पाच घाण्यांमागे एक वीट मागायची. मधल्या घाण्यांचं पापपुण्य खिडकीवर.

आता, ज्या बाईने विषाला जन्मठेप दिली तिला जगात भीती कुणाची असावी? तर विहिणीची.

विहीणबाई म्हणजे लेकीच्या सासूबाई. बोलायला इतक्या गोड की ऐकणाऱ्याने घरी जाऊन जीभ तपासून पाहावी. लग्न ठरलं तेव्हा त्या कारखाना पाहायला आल्या होत्या. गाळ पाहिला, राख पाहिली, विटा पाहिल्या, आणि परत जाताना गाडीत बसता बसता म्हणाल्या, "छान आहे हो. आम्ही बायका उरलंसुरलं संपवतो, तुम्ही तर लोकांचं गटार संपवता."

हे वाक्य वीटवालीच्या हिशेबात नावे पडून राहिलं होतं. ते जमेला आणल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं.

संधी चालून आली. विहिणीकडे न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधली जुनी भिंत ओल धरून फुगली होती. ती पाडून नवी बांधायची होती. वीटवालीने फोन केला, मग स्वतः गेली, मग कागद घेऊन गेली, मग एक वीट घेऊन गेली आणि विहिणीच्या देखत ती फरशीवर आपटली. फरशीला टवका गेला, वीट जशीच्या तशी.

"फरशीचं काय ते मी बघते," वीटवाली म्हणाली.

"नाही नाही, फरशी काय, नात्यापुढे फरशी ती काय," विहीणबाई म्हणाल्या. "पाठवा तुमच्या विटा. घरच्याच माणसाने नाही घेतल्या तर बाहेरच्याने का घ्याव्यात?"

इतक्या सहज होकार आला म्हणून वीटवालीला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण जिंकलेला माणूस शंका घेत नाही. महिना भरलेला, खिडकीतून स्वच्छ सुटलेला घाणा तिने निवडला, नवऱ्याने गाडीत भरला आणि नेऊन टाकला. तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला गाळ दाखवून झाल्यावर ती शेवटचा पत्ता टाकायची: "माझ्या लेकीच्या घरात, न्हाणीघराच्या भिंतीला हीच वीट आहे. आणि घर विहिणीचं आहे. विहिणीचं! समजलं ना?" गिऱ्हाईक समजून मान डोलवायचं. विहिणीने पास केलेल्या मालाला आणखी कुठला शिक्का हवा?

लेकीचे फोन मात्र त्या दिवसांत जरा आखूड झाले होते.

"भिंत कशी झालीये गं?"

"छान झाली."

"येऊ का बघायला?"

"आत्ता नको आई. गिलावा ओला आहे. ठकी हात लावते सगळ्याला. तू... नंतर ये. सावकाश ये."

ठकी म्हणजे नात. नुकती धरून धरून उभी राहायला लागली होती, आणि तिला एक खोड होती: उभी राहिली की समोर जी भिंत येईल ती चाटायची. चुना कमी पडतोय म्हणून डॉक्टरांनी औषध दिलं होतं. ठकी औषध थुंकायची आणि भिंत चाटायची.

आता थोडं वीटवालीच्या सासूबाईंविषयी. सासरे गेल्यापासून त्यांना घर खायला उठायचं, म्हणून दोनेक महिन्यांपासून त्या सकाळी मुलाबरोबर गाडीतून कारखान्यात येऊन बसत. मुलगा त्यांना उतरवून मालाच्या खेपेला जाई. इतर कुणी यायच्या आत म्हातारीच्या हातात फडकं असे. टेबल, खुर्च्या, फोन, फोनची वायर, कॅलेंडर, कॅलेंडरचा खिळा. कारखान्यात येणारा प्रत्येक जण म्हणायचा, ऑफिस कसं आरशासारखं ठेवलंय! वीटवाली म्हणायची, "आमच्या आईंचा हात आहे." खरं तर हात घरीही असाच फिरायचा आणि तिथे तो तिला नकोसा व्हायचा, कारखान्यात त्याचं कौतुक होतं, इतकाच फरक.

एके दिवशी दुपारी सगळे ऑफिसातच डबे उघडून जेवायला बसले होते. वीटवाली, तिचा नवरा, सासूबाई आणि केमिस्ट. केमिस्टला सगळे थेंबे म्हणत. आडनाव वेगळंच होतं, पण तो औषध थेंबाथेंबाने ओतायचा आणि बोलायचाही तसाच. एका वाक्यानंतर दुसरं कधी पडेल याची वाट बघावी लागायची.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, मला एक नवीन फडकं दे. जुन्या धोतराचं दे, नवीन फाडू नकोस."

"मागे दिलं होतं ना?"

"ते गेलं वाया. तुझ्या त्या खिडकीतल्या विटेने पिवळं केलं. दोनदा साबण लावला, उकळत्या पाण्यात टाकलं, जात नाही. हळद परवडली."

वीटवालीचा घास हातातच राहिला.

"कुठल्या विटेने?"

"ती गं, पाण्यात उभी करता ती. शोभेची."

"आई, तुम्ही ती वीट पुसलीत?"

"मग काय तशीच ठेवू? येणाऱ्याजाणाऱ्याच्या समोर? रोज पुसत होते. पांढरं पांढरं येतं, पुसलं की जातं. मध्ये एक आली होती तिला तर कावीळ झाल्यासारखं पिवळं यायचं. मेली रोज पुसावी आणि रोज यावं! पण मी काही हटले नाही. महिनाभर लख्ख ठेवली तिला." म्हातारीने विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं. "तुमचं लक्ष तरी होतं का?"

कुणाचंच नव्हतं. थेंबेने डब्याचं झाकण लावलं.

"आई," नवरा सावकाश म्हणाला, "ती शोभेची नाही. ती साक्षीदार आहे."

"मग साक्षीदाराने अंघोळ करू नये असं आहे का कुठे?"

फडकं बाहेर नळावर वाळत होतं. वीटवालीने हातमोजा घालून ते उचललं आणि उन्हात धरलं. पिवळं, कापडाच्या धाग्याधाग्यात शिरलेलं, निवांत, मुरलेलं पिवळं.

ती वीट खिडकीत कुठल्या दिवसांत होती ते सासूबाईंना पक्कं आठवत होतं, त्यावरून घाणा ओळखता आला. त्यातला उरलेला माल आवारात मागे रचलेला होता. थेंबेने त्यातली एक वीट फोडली, चुरा केला, आंबट पाण्यात घालून बाटली हलवायच्या यंत्राला लावली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते पाणी गाळून त्यात विष दाखवणारं औषध टाकलं. पाणी जांभळं झालं. फार नाही; फिकट. पण जांभळं ते जांभळंच. सासूबाई यायला लागल्यापासूनच्या बाकीच्या सगळ्या घाण्यांच्याही विटा त्याने सोबतच तशा तपासल्या होत्या. त्यांचं पाणी पाण्यासारखंच राहिलं.

"हाच एक," थेंबे म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, "का ते कळलंय."

"बोला की, थेंबे. जेवढं पोटात आहे तेवढं एकदम बोला, आज तोटी मोठी सोडा."

"हिराकस जुनं होतं. पोत्याचं तोंड उघडं राहिलं होतं. ताजं हिराकस कच्च्या द्राक्षाच्या रंगाचं असतं. हे गंजासारखं तांबूस झालं होतं. हवा लागली की त्याचा जोर जातो. वजन तेवढंच भरलं, पण काम निम्मंच झालं."

"मग वापरलं कशाला?"

थेंबेने तिच्याकडे पाहिलं, मग बाटलीकडे पाहिलं, आणि बाटलीलाच सांगितल्यासारखं म्हणाला, "ताई, मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, जुनं आधी संपवा."

म्हणाली होती. तिला लख्ख आठवलं. नवी पोती आली होती, कोपऱ्यात जुनं अर्धं पोतं होतं, आणि जन्मभर डबे सांभाळणाऱ्या कुठल्याही बाईने जे म्हटलं असतं तेच ती म्हणाली होती. जुनं आधी. नवं फोडायचं नाही. थेंबेने हट्ट धरला नाही, कारण मालकिणीपुढे हट्ट धरायचा म्हणजे सलग चार वाक्यं बोलावी लागली असती.

म्हणजे जमाखर्च असा झाला: सुनेची काटकसर आणि सासूची स्वच्छता. ज्या दोन गुणांवर त्या घराचं नाव होतं, तेच दोघे हातात हात घालून विष बाहेर सोडून आले होते. एकटं कुणी हे करू शकलं नसतं.

"आता?" थेंबेने विचारलं.

"इथला माल दळायचा. ताजं हिराकस घालून पुन्हा पहिल्यापासून."

"आणि तिथला?"

तिथला म्हणजे विहिणीकडे गेलेला. तो याच घाण्यातला होता.

संध्याकाळी घरी नवऱ्याने आपला सल्ला दिला. नवरा माणूस वाईट नव्हता. फक्त गाडी चालवत असल्यामुळे त्याला वळसा घालायची सवय होती.

"भिंत झालीये, गिलावा झालाय, वर रंग बसेल. आत आहे ते आतच राहील. फार तर मी त्यांना पाणी न झिरपणारा चांगला रंग नेऊन देतो, आपल्याकडून भेट म्हणून."

"न्हाणीघराची भिंत आहे अहो. पाणी पिणारच. आज नाही, पुढच्या वर्षी फुलेल."

"फिकटच जांभळं होतं म्हणे."

"ठकी फिकट चाटते का?"

यावर नवऱ्याकडे वळसा नव्हता. मग तो म्हणाला, "तुझी विहीण हे गावभर करील. दुकान बंद करायची वेळ येईल. आणि पोरीला रोज टोमणे खावे लागतील ते वेगळेच."

वीटवालीला हे सगळं माहीत होतं. त्याने सांगायच्या आधीच तिने ते नावे बाजूला मांडून, बेरीज करून, खाली दोन रेघा मारल्या होत्या. जमेला एकच गोष्ट होती, आणि ती अजून धरून धरून उभी राहत होती.

"सकाळी गाडी काढा," ती म्हणाली. "आणि गवंड्याला सांगा, छिन्नी-हातोडा घेऊन ये."

विहीणबाईंनी दार उघडलं, मागे गवंडी पाहिला, त्याच्या हातातला हातोडा पाहिला, आणि तरीही म्हणाल्या, "या या, किती दिवसांनी! चहा टाकते."

"चहा नंतर," वीटवाली म्हणाली. वाटेत तिने पुष्कळ प्रस्तावना जुळवल्या होत्या. त्या सगळ्या गाडीतच राहिल्या. "विहीणबाई, मी तुम्हाला दिलेला माल खराब निघाला. भिंत पाडायला आलेय. आजच पाडू. नवी भिंत मी बांधून देते, तुम्ही म्हणाल त्या विटेची. तोवर ठकीला त्या भिंतीपाशी जाऊ देऊ नका."

आणि मग तिने सगळं सांगितलं: जुनं हिराकस, पुसलेली वीट, पिवळं फडकं, जांभळं पाणी. काही झाकलं नाही, सासूबाईंवरही ढकललं नाही. म्हणजे ढकललं, पण अर्धंच.

सांगून झाल्यावर ती थांबली. आता तोंडाचा पट्टा सुटणार. गटाराचं वाक्य येणार, त्याची भावंडं येणार.

विहीणबाई म्हणाल्या, "असू दे."

"असू दे म्हणजे?"

"असू दे हो. माणसाच्या हातून होतं. भिंत आहे तशी असू दे. नात्यापुढे भिंत ती काय."

हेच वाक्य फरशीला लागू पडलं होतं तेव्हा ठीक होतं.

"विहीणबाई, तुम्हाला कळलं का मी काय म्हणाले? विष आहे त्यात."

"कळलं. थोडंसंच आहे ना?"

"ठकी चाटते भिंत!"

"ती भिंत नाही चाटत."

"का? त्या भिंतीला काय कडू लागतं?"

स्वयंपाकघराच्या दारात लेक ठकीला कडेवर घेऊन उभी होती. आईकडे बघत नव्हती, सासूकडेही नाही. तिचं सगळं लक्ष ठकीच्या एका बटणावर होतं.

"आई, जाऊ दे ना," ती बटणाला म्हणाली.

"जाऊ दे काय? तू आई आहेस तिची!" वीटवालीचा आवाज चढला. "मी माझ्या तोंडाने माझा माल खराब म्हणतेय आणि तुम्ही दोघी मला समजावताय? मिस्त्री, लावा हातोडा!"

"अहो, नको, उगाच धूळ होईल," विहीणबाई आडव्या आल्या. "पाहुण्या माणसाने आल्या आल्या घर फोडायचं..."

गवंड्याने एकीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं. ज्या बाईने त्याला आणलं तिचाच शब्द धरावा असं त्याने ठरवलं, आणि भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात छिन्नी टेकवून दोन टोले दिले. गिलाव्याचा पोपडा खाली पडला.

आत तांबडी वीट होती.

भट्टीतली, मातीची, जशी जगात सगळीकडे असते तशी तांबडीलाल वीट. गवंड्याने जरा वर आणखी एक टोला घातला. तीही तांबडी. त्याने व्यवसायबंधूच्या कामाची तारीफ म्हणून "सांधे चांगले भरलेत" असं म्हटलं आणि मग आपण बोलायला नको होतं हे ओळखून हातोडा पाठीमागे धरला.

ठकीने संधी साधून आईचा खांदा चाटून घेतला.

"माझ्या विटा कुठे आहेत?" वीटवालीने विचारलं.

"मागे," विहीणबाई म्हणाल्या. "नीट ठेवल्यात. ताडपत्रीखाली. पाऊस लागू दिला नाही."

"तुम्ही लावल्याच नाहीत."

"नाही."

"आणि मी दारोदार सांगत फिरले, विहिणीच्या घरात आहे म्हणून!"

"ते मला काय माहीत तुम्ही सांगत फिरताय? मी तुमचं मन मोडू नये म्हणून घेतल्या. लावल्या नाहीत म्हणून काय बिघडलं? भिंत आतून कुणी बघतं का?" मग, वीटवालीच्या चेहऱ्याकडे पाहून, पहिल्यांदाच गोडवा बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "ठकी चाटते ना भिंती. तुमचा कागद चांगला असेल, तुमची वीट फरशी फोडते ते मी पाहिलं. पण कागद चाटून बघायचा नसतो. मला भीती वाटली. तुम्हाला तोंडावर कसं सांगायचं?"

"तुला माहीत होतं?" वीटवाली लेकीकडे वळली.

"मग काय करू?" लेक एकदम उसळली. "तू म्हणतेस सासूशी नीट राहा. या म्हणतात आईला कळू देऊ नकोस. मी दोघींचंही ऐकलं! तरी मी तुला सांगत होते, येऊ नकोस, येऊ नकोस."

वीटवालीच्या मनात त्या क्षणी जे झालं ते कुठल्या खात्यात टाकावं हे तिलाच कळेना. नात सुखरूप होती, भिंत निर्दोष होती. एवढ्या मोठ्या रकमेवर माणसाने नाचायला हवं. आणि तिला मात्र असं वाटत होतं की कुणीतरी तिचा हात धरून भर बाजारात तिचं वजन करून दाखवलंय. विहिणीचा अविश्वास तिला झोंबत होता, आणि जास्त झोंबत होतं ते हे, की तो अविश्वास बरोबर निघाला.

"दाखवा माझ्या विटा," ती म्हणाली.

मागच्या आवारात, कुलूप लावलेल्या पडवीत, विटा होत्या. खाली फळ्या, वर ताडपत्री, चारी बाजूंनी सुतळी. एखाद्याने अमानत जपावी तशा. विहीणबाईंनी गाठी सोडल्या. पडवीची जमीन ओलसर होती आणि सगळ्यांत खालच्या थराला फळ्यांमधून ओल लागली होती. त्या थराच्या कडांना पिवळी झाक आली होती.

विहीणबाई वाकून बघू लागल्या.

"हात लावू नका," वीटवाली म्हणाली.

"हेच ते?"

"हेच."

विहीणबाई सरळ झाल्या. पडवीकडे पाहिलं, घराकडे पाहिलं, न्हाणीघराच्या दिशेने पाहिलं. "तुम्ही आला नसतात," त्या हळूच म्हणाल्या, "तर मी पुढच्या महिन्यात या विटांचा ओटा बांधणार होते इथे. फुकट कशाला जाऊ द्यायच्या म्हणून. ठकीला बसायला."

हे ऐकून वीटवाली पडवीच्या उंबऱ्यावर बसलीच. विहीणबाईही शेजारी टेकल्या. घरातून लेकीने चहा आणून दिला. या वेळी कुणी नंतर म्हटलं नाही.

नवऱ्याने आणि गवंड्याने हातमोजे घालून विटा गाडीत भरल्या. खालच्या थरातल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळल्या, फळ्याही घेतल्या, जमिनीवरची माती वरवर खरवडून पोत्यात भरली. भिंतीचा पोपडा पडला होता ती जागा गवंड्याने सिमेंट कालवून तिथल्या तिथे बुजवला.

निघताना वीटवाली म्हणाली, "एक मागू का?"

"आता काय पाडायचंय?"

"तुमच्या पडवीच्या खिडकीत जागा द्या. बाहेरच्या बाजूला, ठकीचा हात पोचणार नाही अशी. आमची साक्षीची वीट तिथे ठेवते, ट्रेसकट. प्रत्येक घाण्याची."

"माझ्याकडे कशाला? तुमच्याकडे केमिस्ट आहे ना?"

"केमिस्ट आहे. पण तो माझं ऐकतो. घरचं माणूस वीट पुसतं, नाहीतर सांभाळून घेतं. माझ्या विटेत खोट निघावी म्हणून डोळ्यांत तेल घालून बसणारं माणूस मला हवंय. आणि तुमच्याइतकं मला दुसरं कोण मिळणार?"

विहीणबाईंनी हे कौतुक आहे की टोमणा, याचा क्षणभर विचार केला. स्वतः त्या धंद्यातल्या असल्यामुळे त्यांना दोन्ही दिसलं, आणि दोन्ही आवडलं.

"पुसणार नाही ना कुणी?" वीटवालीने विचारलं.

"आमच्याकडे?" विहीणबाईंनी दारातल्या सुनेकडे नजर टाकली. "तुमच्या लेकीच्या हातात फडकं पाहिलंय का कुणी कधी? अगदी निर्धास्त राहा."

कारखान्यात सासूबाईंना नवं काम मिळालं: हिराकसाच्या पोत्यांची तोंडं बांधायची, आणि तांबूस दिसलं की ओरडायचं. त्या इतक्या ओरडू लागल्या की थेंबेला बोलावं लागेना. खिडकी त्यांनी मोकळी झाल्या झाल्या धुऊन काढली. "मला आधीच सांगितलं असतं तर मी तेव्हाच म्हणाले असते, पिवळं येतंय म्हणून," असं त्या येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, आणि ते खरंच होतं. वीटवाली आता गिऱ्हाइकाला गाळ दाखवून झाल्यावर शेवटचा पत्ता टाकत नसे. कुणी विचारलंच, तर म्हणायची, "विहिणीकडे साक्ष चालू आहे. निकाल लागला की सांगते."

पहिली वीट खिडकीत ठेवून आठवडा झाला नाही तोच विहीणबाईंचा फोन आला.

"आलंय."

वीटवाली खुर्चीतून उठलीच. "काय आलंय? कुठला रंग?"

"पांढरा."

"पांढरा चालतो हो. लोणा आहे तो."

"असं तुम्ही म्हणता. मला जरा पिवळसर वाटतो. चष्मा बदलून बघितला, तेव्हा पांढरा दिसला. संध्याकाळच्या उन्हात परत पिवळसर. तुमच्या त्या थेंब्याला पाठवा."

थेंबे गेला, कापूस फिरवून आणला, औषध टाकलं. पाणी पाण्यासारखंच राहिलं. वीटवालीने तसं कळवलं.

"बरं," विहीणबाई म्हणाल्या. आवाजात थोडी निराशा होती. "बघते अजून. महिना कुठे झालाय."